दीड इंच माया

शाळेच्या पँटला मागच्या शिवणीत
गिऱ्हाइकाच्या पोरांना मी पाऊण इंच माया ठेवते.
निहारला दीड.
त्याची दिवाळीआधीच संपते.

धनकवडीच्या शेवटच्या थांब्याशी दुकान माझं.
एक मशीन, एक ओव्हरलॉक,
आणि कटिंगच्या टेबलाखाली तो.
वही उघडी, पेन्सिल कुठेतरी,
डोळे रस्त्यावर, हात खारीच्या पुड्यात.
पुडा संपला की रिकाम्या कागदाकडे असा बघतो
जणू दुसऱ्याच कुणी खाल्ली.
"खोटं बोलतोस," मी म्हणायचे.
एकदा मारलंसुद्धा. गजपट्टीनं.
मोजायच्या पट्टीनं.

शाळेतून दोन निरोप यायचे, दोन वेगळ्या वह्यांत.
बाईंचा: लक्ष नाही, जागेवर बसत नाही.
घुले सरांचा: वजन जास्त, जागचा हलत नाही.
मी दोन्हींवर सही करायचे,
एकाच पेनानं, एकाच संध्याकाळी,
आणि मलाही कधी सुचलं नाही
की हा मुलगा एकच आहे.

काळभोर काकू ब्लाउज घालून बघता बघता म्हणाल्या,
"जिभेवर ताबा आईनंच शिकवायचा असतो गं."
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

देवस्थळी डॉक्टरांकडे काटा जुना, सुईचा.
निहार चढला.
सुई पन्नासकडे निघाली, थरथरली,
ती थांबायच्या आत हा उतरून खिडकीशी,
समोरच्या टाकीवर घार बसली होती.
पुन्हा चढवला. पुन्हा घार.
तिसऱ्यांदा डॉक्टरांनी काट्याकडे बघायचं सोडलं.
खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाल्या,
"या दोन्ही गोष्टी कुणी एकत्र बघितल्यात का हो?"

पुष्कळ बोलल्या. पुष्कळ मुलांत जोडीनं येतं हे,
सगळ्यांत नाही, पण येतं.
आपल्या आत कुणीतरी वेळेवर "पुरे" म्हणतं,
याच्या आत ते उशिरा म्हणतं.
मला आमच्या थांब्यावरची बस आठवली,
हात दाखवूनही चार दुकानं पुढं जाऊन थांबणारी.
कंटाळा आला तरी याला भूकच लागल्यासारखं वाटतं,
झोप अर्धी, भान अर्धं.
"हा आळस नाही. हावरटपणाही नाही."
निहार खिडकीतूनच म्हणाला,
"ती सुईपण हलतच होती की."

आता सकाळी एक गोळी.
दुपारचा डबा तसाच्या तसा परत येतो
आणि संध्याकाळी सातला भूक दारात उभी,
उधारी वसूल करायला आल्यासारखी.
फोन केला. वेळ बदलून बघू म्हणाल्या. धीर धरा.
धरलाय.
खारी बंद नाही केली. पुड्यातून बशीत आणली, दोन.
बशी रिकामी झालेली त्याला दिसते.
कधीकधी दिसत नाही.

रविवारी तळजाई.
सरळ चढतोय कसला. मुंगळ्यांची रांग, मोराचा आवाज,
कुणाचंतरी मोकळं सुटलेलं कुत्रं.
माझ्या एका चढणीत याच्या तीन होतात.
घुले सर, एकदा बघायला या.

वजन उतरलं का, सगळे विचारतात.
दोनशे ग्रॅम उतरलं. मग तीनशे चढलं.
पण परवा रिकाम्या कागदाकडे बघून
तो माझ्याकडे आला. म्हणाला,
"आई, मीच खाल्ली वाटतं."

काल पँट उसवली तर माया संपलेली.
नवं कापड अंथरलं, टेप कमरेभोवती घेतली.
तो हलला.
आधी ओरडायचे, उभा राहा नीट.
काल मीही हलले त्याच्याबरोबर,
टेप धरून, अर्धा फेर.
आकडा एक मिळाला नाही, दोहोंच्या मधला कुठलातरी.
तिथंच खडूनं खूण केली, जरा वाकडी,
आणि तिच्या पलीकडं
दीड इंच.