पाणी सोडण्याआधी

फॉर्मवर लिहिलंय : पगाराचा त्याग.
जणू मी उद्यापासून झोपडीत राहणार
आणि कंदमुळं खाणार.
प्रत्यक्षात दरमहा चारशे बारा पौंड,
टॅक्सचा हात पोचण्याआधीच बाजूला,
आणि दाराशी एक विजेवरची गाडी.

हॉस्पिटलच्या पगार विभागात मला एकोणीस वर्षं झाली.
इतरांचे त्याग मीच नोंदवते.
एक्स-रेवाल्या डॉक्टरांनी घेतली निळी,
भूल देणाऱ्या बाईंनी पांढरी, काचेच्या छताची.
विमा आत, टायर आत, सर्व्हिसिंग आत,
फक्त गाडी आपली नाही.
तीन वर्षांनी किल्ली परत,
ओरखडे मोजून.

माझी गाडी सतरा वर्षांची.
मागचं डावं दार बाहेरूनच उघडतं.
हीटरला दोनच गोष्टी येतात :
काहीच नाही, आणि भट्टी.
मार्चच्या तपासणीत ती पास व्हायची नाही
असं गॅरेजवाला ह्यू म्हणाला,
अतिदक्षता विभागाबाहेर बोलतात
त्या आवाजात.

रात्री विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब.
टॅक्स वाचतो इतका. पेट्रोल इतकं.
मग बारीक अक्षरात, कोपऱ्यात :
पेन्शन थोडी कमी.
घराचं कर्ज नव्याने घ्यायचं तर बँक
हा उतरलेलाच पगार बघणार.
नोकरी सुटली तर दंड.
आणि चार्जिंग?
आमच्या चढावरच्या घरांना अंगण नाही,
उंबरा संपला की फुटपाथ.
वायर त्यावरूनच टाकावी लागेल,
आणि मिसेस प्रॉसर, वय शहाऐंशी,
रोज साडेनऊला वॉकर ढकलत
पाव आणायला निघतात.
मिसेस प्रॉसर कुठल्या रकान्यात लिहायच्या?

आवळा देऊन कोहळा, की कोहळा देऊन आवळा?
तीनदा बेरीज केली, तीन उत्तरं आली.
एक तर चक्क फायद्याचं होतं.

गुरुवारी सकाळी गेथिन आला,
रात्रपाळीचा पोर्टर.
सातला सुटतो, डोंगरापलीकडची बस आठ दहाची,
घरी पोचेतो मुली शाळेत गेलेल्या.
फॉर्म नीट भरलेला, अक्षर गोल,
रंगाच्या चौकटीत : हिरवा.

मी आकडे टाकले. तांबडी ओळ आली.
पुन्हा टाकले.
त्यागानंतर उरलेला पगार
किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये,
असा कायदा आहे.
गेथिनचा पगार त्या रेषेवरच उभा आहे,
टाचा उचलून.

त्याला हे सांगितलं.
हा नियम तुमच्याच संरक्षणासाठी आहे, हेही म्हटलं,
कारण आमच्या पत्रकात तसं छापलंय.
तो हसला.
"म्हणजे पाणी सोडायला
आधी ओंजळीत पाणी लागतं."
टोपी घातली, दारापर्यंत गेला, वळला :
"हिरवा बरा दिसला असता ना?"
मी म्हटलं, हो.
आठ दहाची बस तोवर गेली होती.
दोघांनाही ते माहीत होतं,
माझी गाडी खाली उभी होती,
आणि माझ्यासमोर रांगेत अजून सहा जण.

आज शुक्रवार. मुदत पाच वाजता.
खणातून माझा फॉर्म काढते.
नाव : आयर्लिस. कर्मचारी क्रमांक पाठ आहे.
रेषेपर्यंत माझ्याकडे पुष्कळ जागा आहे,
आधी कधी मोजली नव्हती.
मागच्या टेबलावर कोणीतरी कप विसळतंय.
चार बावन्न.
पेन रंगाच्या चौकटीशी थांबलंय.
गाडी घ्यायची की नाही, अजून ठरत नाही.
हिरवी नको,
एवढं ठरलंय.