बारा-अ

बाणेरच्या टॉवरमध्ये मजल्यांचे आकडे रंगवत होतो.
बारानंतर बारा-अ, मग थेट चौदा.
तेरा कुठाय, विचारलं.
सुपरवायझर म्हणाला, गिऱ्हाईक बिचकतं.
का बिचकतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

छत्तीसचं तेवढं मला ठाऊक आहे.
नाना पेठेतल्या दुकानात अण्णांनी
पत्र्यावर काढून दाखवलेलं:
बघ, तीन अन् सहा, पाठीला पाठ.
भांडणबिंडण काही नाही रे,
लिहिणाऱ्याचा हात तसा वळला.

अण्णांच्या तेराव्याला
पंगतीत बुंदी वाढली,
आणि दुपारी मी
त्यांचा ब्रश टर्पेंटाइनमधून बाहेर काढला.

लिफ्टपाशी आता १२-अ सुकतोय.
सुपरवायझरला बोललो नाही,
अ काढायला
आधी तीनच काढावा लागतो.