तेल बंद

डॉक्टरांनी ह्यांचं तेल बंद केलं
आणि त्याच आठवड्यात ह्यांनी
आमच्या जुन्या ट्रॅक्सचं सुरू केलं.

चौतीस वर्षं डेपोत बसगाड्यांची पोटं उघडलेला माणूस,
छातीत बारीक जाळीची नळी बसवून घरी आला,
दोन दिवस कॉटवर पडून पंख्याकडे बघत राहिला,
तिसऱ्या दिवशी म्हणाला, एखादं जुनं कापड दे गं.
गाळायला.
मी हिरवी इरकल काढून दिली. तिची वीण घट्ट आहे.

टाक्या दोन. धाकटीत डिझेल,
गाडीला उठवायला आणि निजवायला तेवढंच.
थोरलीत गाळलेलं तळण.
खानापूर ते अथणी, लेकीच्या घरी.
व्याही फोनवर हसले होते,
तेवढं कारण पुरलं.

काकतीच्या पुढं कळलं
की आपला धूर आपण कुठं जेवलो ते सांगतो.
स्टँडमागच्या खानावळीचं तेल, तर मागं बटाटेवडा.
दोन कुत्री बराच वेळ पळत आली,
मग फसवल्यासारखी थांबली.
संकेश्वरात मिरची भज्यांचं घेतलं,
तर मागचा मोटारसायकलवाला
चिक्कोडीच्या फाट्यापर्यंत शिंकत आला
आणि पुढं जाताना आम्हाला हात जोडून गेला.

मागायचं कुठल्या भाषेत, हा एक प्रश्नच.
पाटी बघून ठरवायचं नाही, असं ह्यांचं मत.
पाटी कुणी रंगवली आणि कढईशी कोण बसलंय
ह्याचा संबंध असेलच असं नाही.
बाई पोराला शिवी कशात घालते ते ऐकायचं,
मग पुढं व्हायचं.
जळकं तेल आहे काय हो?
नाहीतर: सुट्ट एण्णि ऐतेनरी?
सुट्ट म्हणजे जळलेलं.
इतकी वर्षं झाली हा शब्द ऐकून,
तरी माझ्या कानाला अजून
आधी सुट्टीच ऐकू येते.

चिक्कोडीच्या अलीकडे रात्री गाडी बसली.
डिसेंबर. कुणीतरी तेलात डालडा मिसळून दिला होता,
तो नळीत गोठून पांढरा झाला होता.
हे बोनेटमध्ये वाकले. टॉर्च मी धरला,
उजेड इंजिनवर, डोळे ह्यांच्या हातावर,
तो छातीकडे जातोय काय ते बघत.
गेला नाही. पान्ह्याकडे गेला.

उसापलीकडे गुऱ्हाळाचा जाळ दिसत होता.
रामगोंडा नावाचा गुळव्या, उघड्या अंगाचा,
त्यानं काही न विचारता डबा उचलला
आणि चुलवणाच्या भिंतीला टेकवून ठेवला.
थंडीत आमचं बी असंच हुतंय, काकू, म्हणाला.
मग वाटीभर गरम काकवी ह्यांच्या हातात.
साखरेबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते.
निदान मी ऐकलं नव्हतं.

तेल पातळ झालं. इरकलीची दोन टोकं मी धरली,
दोन ह्यांनी, रामगोंडा ओतत राहिला.
गिरिजाच्या वेळच्या डोहाळजेवणाचं लुगडं ते.
त्यातून सात गावांचं तळण
थेंब थेंब कॅनमध्ये पडत होतं
आणि काठावर करपलेलं बेसन उरत होतं,
मोहरीचे दाणे, एक अख्खं कढीलिंबाचं पान.
ह्यांनी ते पान उचललं, जाळाशी धरून बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि टाकून दिलं.

मांजरीच्या पुलावर उजाडत होतं.
खाली कृष्णा, तिच्यावर वाफ.
ह्यांनी गाडी हळू केली, काच खाली घेतली,
आणि उलट्या वाऱ्यानं आमचाच धूर आत आला:
कांदा, ओवा, कुठल्यातरी लग्नातल्या पुऱ्या.
हे बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
वासाचं काही म्हणाले होते काय गं डॉक्टर?

मी समोर रस्त्याकडे बघत राहिले.
अथणी अजून लांब होती.
नाही, म्हटलं.
पण काच फार वेळ उघडी ठेवू नका. गारठा आहे.