बिलाच्या पाठीवर

कुडचड्यात, स्टेशनच्या अलीकडे,
जिथे खनिजाचे ट्रक
हिरव्या पाट्या तांबड्या करून जातात,
तिथे माझं दुकान. मिक्सर, पंखे, इस्त्री.
हल्ली मायक्रोवेव्हही.

काल एक आला रिक्षातून,
दाराला खाकी चिकटपट्टीचे तीन वेढे.
सोबत आई नव्हती. आई, सुकांती वेळीप,
वेर्ण्याला, गोळ्यांच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला.
सोबत होती भाविका, इयत्ता सातवी,
कंपासपेटीत घडी घातलेली पाचशेची नोट.

ओव्हन उघडला की घर दिसतं.
मी कुणाला बोलत नाही, पण दिसतं.
छताला वाळलेलं पिवळं :
कुणीतरी सालीसकट अंडं ठेवलेलं.
"भावानं," ती म्हणाली, मी विचारायच्या आत.
डाव्या भिंतीला टिकलीएवढा काळा डाग.
"स्टीलची वाटी?"
"ना. सोनेरी काठाची बशी. मावशीच्या लग्नातली.
ठिणग्या उडाल्या, काठ गेला.
मावशीला अजून कळलेलं नाही."

दार मात्र मी हलवून दाखवलं.
बिजागरी सैल, कडेला फट.
पट्टीनं बांधलेलं दार म्हणजे दार नव्हे, बाय.
आतलं आतच राहायला हवं.
फटीतून येणारं दिसत नाही,
म्हणून ते येत नाही असं नाही.
सुटा भाग मडगावहून येईल, गुरुवारी.
तोवर हा इथंच.

"मागीर रातचें जेवण?"

मला उत्तर सुचलं नाही.
मी बिल उलटं केलं आणि लिहीत बसलो :

काच चालेल. चिनीमाती चालेल, काठ साधा असेल तर.
आइस्क्रीमचा रिकामा डबा नको,
तो वाकतो, आणि थोडा हुमणात उतरतो.
झाकण ठेव, पण घट्ट नको. वाफेला वाट लागते.
बांगडा कडेला चटका देतो
आणि मधोमध थंडगार असतो,
म्हणून अर्ध्यावर थांबव, हलव, परत लाव,
आणि घंटी वाजली तरी दोन मिनिटं धीर धर.
भाऊ रडला तरी.
रिकामा फिरवू नको.
आत जाळ दिसला तर दार उघडायचं नाही.
बटण बंद, मग प्लग, मग शेजाऱ्यांना हाक.
मागचा पत्रा कधीच खोलू नको.
प्लग काढला तरी आत वीज दबा धरून असते.
तिच्याशी माझं मी बघतो.

आणि पाणी.
इथे मी पेन ठेवलं, मनगट दाखवलं.
गुळगुळीत कपातलं पाणी
तापतं, तापतं, पण बुडबुडा काढत नाही.
झोपेचं सोंग घेतलेल्याला
जागं करता येत नाही म्हणतात.
या पाण्याला येतं. साखरेचा एक चमचा पुरतो.
मग ते उठतं ते अंगावरच.
म्हणून आधीच लाकडी चमचा सोडून ठेव कपात,
फार वेळ लावू नको,
आणि काढताना तोंड वर धरू नको.

तिनं सगळं वाचलं, ओठ हलवत.
मग माझंच पेन घेऊन
खाली एक ओळ घातली :
स्टूल आईच्या खोलीत. भावाला सांगायचं नाही.

"गुरुवारपर्यंत पेज थंडच जेवू,"
दारातून म्हणाली, "करमलाच्या लोणच्याबरोबर."
जणू मीच काळजीत होतो.
पाचशेची नोट तिनं मोजून दिली,
एकच होती तरी.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
ओल्या फडक्यानं मी छताचं अंडं पुसत होतो.
वाळलेलं अंडं लवकर सुटत नाही.
साडेअकराला कारखान्याची बस गेली,
आत दिवा, खिडक्यांना टेकलेली डोकी,
एकीची वेणी काचेवर हलत होती.
त्यातली सुकांती कुठली,
मला ठाऊक नाही.