तिसरी बादली

होळी विझते न विझते
तोच भुसावळच्या उन्हाला दात फुटतात.
गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत,
माझ्या पिटुनिया सकाळी राण्या,
दुपारी दोनला पिळून टाकलेली फडकी.
नर्सरीवाला म्हणाला होता,
हिवाळ्याचं रोप आहे ताई,
चैत्रात जीव नका लावू.

नळ आठव्या दिवशी, तोही पहाटे तीनला.
तांदळाचं धुवण मोगऱ्याला, डाळीचं जास्वंदीला,
साबणाचं कुणालाच नाही.
एकदा दिलं, तर झिनिया आठवडाभर रुसला.

दीपनगरची राख पाकळ्यांवर बसते.
मी ती दाढीच्या जुन्या ब्रशने झटकते.
फिरकेकाकू जिन्यातून विचारतात,
फुलांची दाढी करतेस का गं?

काल नळ खाकरला.
दुसरी बादली वर नेली तेव्हा मिट्ट अंधार,
वीजही गेलेली.
कुठल्या डब्यात ते दिसलं नाही,
पण मोगरा उमलला होता.
पहिलाच, यंदाचा.
मी हातातली बादली न ओतता
टाकीला टेकून बसले.

खाली तिसरी भरून वाहायला लागली,
मोरीतून अंगणात, अंगणातून गल्लीत.
आठ दिवसांचं पाणी!
काकू नावानिशी ओरडत होत्या,
आणि मला उठवेना.