पालक

गेटवर रजिस्टर. नाव, गाव, मोबाईल, येण्याचं कारण.
कारणाच्या रकान्यात अंबादासनं लिहिलं : बघायला.
वॉचमननं प्रत्येकी एक चिठ्ठी दिली, टाचणीसकट,
तीवर छापलेलं : पालक.
लावण्या म्हणाली, अम्मा, पदराला नको, खांद्याला लाव.

सकाळपासूनचं हे तिसरं कॉलेज.
रिक्षा नरसप्पाची, पेट्रोल आमचं.
पहिल्यात शिपाई म्हणाला, साहेब जेवायला गेलेत.
साडेनऊ वाजले होते.
दुसऱ्यात एसी असा, की माझी बोटं वाकेनात.
एक मॅडम पडद्यावर पॅकेजचे आकडे दाखवत होत्या,
प्रत्येक आकड्यापुढं लाख.
मी हजारात मोजते. हजार विड्या, मग मजुरी.
मनातल्या मनात भागाकार मांडला,
निम्म्यात सोडला. चहा आला होता.

इथं मात्र गर्दी.
बार्शीचे एक गृहस्थ भिंतीवर टिचक्या मारत चाललेले,
‘प्लास्टर पोकळ आहे,’ पोराला म्हणाले.
पोराच्या कानात वायर.
अक्कलकोटच्या एक बाई, कपाळाला विभूती,
होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरचे सगळे नळ
एकेक करून सोडून बघत होत्या.
एकाला पाणी आलं.
त्याच्याकडं त्यांनी असं बघितलं
जसं स्थळ पसंत पडावं.
मग जिन्यातच बसल्या, डबा उघडला,
कडक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली, वर शेंगाचटणी.
‘आमचा काही बोलतच नाही हो.’
‘आमची पण.’
तेवढ्यावर आमची ओळख झाली.

इमारतीपुढं, लॉनच्या मधोमध, चौथऱ्यावर एक माग.
सोनेरी ऑइलपेंट मारलेला, ॲडमिशनसाठी नवाच, अजून चिकट.
खाली पाटी : आपल्या शहराची ओळख.
पोरं टेकल्यासारखं करून सेल्फी काढत होती.
अंबादास चपला काढून लॉनवर गेला.
दिवसभर कुणाला काही विचारलं नव्हतं त्यानं,
ना फी, ना बस, ना पोरी किती, पोरं किती.
आता वाकला. खालून हात घातला, चाचपत राहिला
जसं अंधारात तुटलेला धागा शोधतो.
माळ्याला म्हणाला, ‘ह्याचा धोटा कुठाय?’
‘काय?’
‘धोटा. इकडनं तिकडं जातो, तो.’
माळी म्हणाला, ऑफिसात विचारा.
लावण्या तोवर नोटीस बोर्डाशी पोचलेली,
पाठमोरी,
जशी काही ती बार्शीच्या माणसांची.

येताना घरकुलाच्या नाक्यावर भाजीवाली हसली,
‘वहिनी, पालक इथं सोडून तिथं का चिकटवला?’
खांद्यावरची चिठ्ठी तशीच होती.
लावण्या हसली. दिवसातलं पहिलं.
जुडी घेतली मग. घ्यावीच लागली.

रात्री मी सुपात पानं कापत बसले,
ती मोबाईलवर पसंतीक्रम भरत होती.
मला इंग्रजी येत नाही,
पण पुणे हा शब्द कुठल्याही लिपीत ओळखू येतो.
माझा भाऊ तिकडंच गेला,
दिवाळीला येतो, पाहुण्यासारखा चपला दारात काढतो.
पहिल्या नंबरला पुणे. दुसऱ्यालाही.
आजची तिन्ही कॉलेजं कुठंतरी खाली, बोटानं सरकवल्यावर येतात तिथं.
मग आज कशाला फिरलो गं,
असं विचारणार होते.
तोंडात दोरा होता.

तीच बोलली, मान वर न करता,
‘अम्मा, नान्नाला सांग.
धोटा ऑफिसात आहे. ट्रॉफ्यांच्या कपाटात, काचेमागं.
मी विचारून आले.’

सांगायला वळले तर तो झोपलेला,
हात गादीबाहेर, बोटांवर सोनेरी रंग.
साबणानं निघाला नव्हता.
सकाळी नरसप्पाकडं थोडं थिनर मागायला हवं.