इस्तारी पेंटरचा पाचवा पडदा

कंपनीला चार पडदे पुरतात:
राजवाडा, जंगल, गरिबाचं घर
आणि एक रस्ता, जो कुठल्याही गावाला जातो.
पाचवा कुणी मागितला नव्हता.

इस्तारीचा भाचा डंबाजी जहाजावर भांडी घासतो.
सुराबायाहून त्यानं एक चित्र आणलं,
छापील, चार घड्यांचं, कोपऱ्याला तेलाचा डाग.
तिथल्याच कुणा पोरीनं काढलेलं, आत्ताआत्ता.
सही लागत नव्हती.

चामड्याच्या बाहुलीसारखा माणूस.
नाक सुईचं, डोळा धानाच्या दाण्याएवढा,
खांदे आपल्याकडं, तोंड भलतीकडं,
अंगठ्याचं नख विळ्याएवढं.
इथवर ठीक.
पण छातीत एक कप्पा उघडा,
कप्प्यात समुद्र, समुद्रात छताचा पंखा चालू,
आणि मागं ज्वालामुखी, उलटा टांगलेला,
त्यातून भात सांडतोय, वाफेसकट.

"हा भीम हाय," डंबाजी म्हणाला.
"तिकडं बी?"
"तिकडं बी."
इस्तारीनं बिडी विझवून कानावर ठेवली.
"मंग याले तिकडं वाढते कोन?"

वडशाच्या गोदामात सात रात्री.
मांजरपाटावर खळ, खळीवर चौकटी,
निळा रंग संपला तेव्हा कपड्याची नीळ.
समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता,
म्हणून कप्प्यात बोडी काढली शिंगाड्यांची,
पंख्याच्या पात्यांवर तीन बगळे,
फिरूनही न उडालेले.
ज्वालामुखीच्या जागी मोहाचं झाड, मुळं आभाळात.
नख तेवढं तसंच ठेवलं.
"थे कामाचं हाय," म्हणाला.

मी प्रॉम्प्टर.
एकोणीस हंगाम पडद्यामागून काढले,
राजवाड्याचा डावा खांब मला कायम उजवा.
डंबाजी सांगत होता, तिकडं बाहुल्यांचा खेळ
लोक दोन्हीकडून बघतात,
कुणी सावलीच्या अंगानं, कुणी दिव्याच्या,
आणि कुणी कुणाला म्हणत नाही, इकडं ये.
मी वही मिटली. थोडा वेळ
नुसताच बसून राहिलो माझ्या जागेवर.

मंडईची रात्र. दुसरा अंक. जंगलाचा पडदा
अडकला, म्हणून इस्तारीनं हा सोडला.
तेवढ्यात जनरेटर बसला.
मागं कुणीतरी गॅसबत्ती पेटवली
आणि आईचं काम करणाऱ्या चित्ररेखाबाई
बत्तीपुढं उभ्या राहून चहा पिऊ लागल्या.
त्यांची सावली भीमाच्या छातीत उतरली,
बोडीतून बशी भरून प्यायली,
पदरानं तोंड पुसलं.

मैदान गप्प. भजेवालासुद्धा.
मग बायांच्या अंगाकडून एक म्हातारा आवाज:
"भिमालपेन आला गा."
कुणीतरी मूठभर मुरमुरे टाकले रंगमंचावर,
फेकले नाही, टाकले,
वाढतात तसे.

दिवे आले. हिरोनं गाणं धरलं.
त्याच्याकडं कुणी बघेना.
पहाटे निर्माता म्हणाला, हा गुंडाळा,
आणि पुन्हा दिसला तर हिशोबातून कापीन.

आता तो पडदा इस्तारीच्या साळ्याच्या
पुंजण्यावर असतो, चित्र खाली, पाठ वर.
पौषात दोन दिवस झड लागली.
वरच्या पेंढ्यांना नीळ उतरली आहे.
बैल ती तणस हुंगतात आणि सोडतात.
त्यातला एक,
बांड्या, शिंग मोडलेला,
खातो.